आखाडातलं गरम पाणी

सकाळी सव्वाअकराला बेसमेंटमधलं इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं. हॉटेलचे चीफ इंजिनिअर काही न बोलता माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हॉटेल पुण्यातलं, नाव सांगत नाही. पाईप गॅसवर चालणारं 200 किलोवॅटचं इंजिन आम्ही तिथे बसवलं होतं. गॅसमधली साधारण 37 टक्के ऊर्जा विजेत उतरते. उरलेली बहुतेक उष्णता साध्या जनरेटरमध्ये रेडिएटर आणि धुराड्यातून हवेत जाते. आम्ही इंजिनाच्या जॅकेटचं, म्हणजे त्याला थंड ठेवत फिरणारं पाणी आणि चारशे-साडेचारशे अंशांचा धूर, या दोन्हींतून 250 किलोवॅट उष्णता काढून ती गरम पाण्याच्या टाकीला दिली होती. कागदावर सुरेखच. पण अशा जोडणीत इंजिन थंड ठेवायचं काम हॉटेलातल्या नळांवर येतं, हे विसरून चालत नाही. इंजिनाकडे परतणारं पाणी 70 अंशांच्या आत आलं पाहिजे. पाहुणे आंघोळी करत असले, लाँड्री चालू असली की ते येतं. नाहीतर तापमान चढत जातं आणि पॅनेल इंजिन बंद करतं.

बंद पडलं तरी अंधार होत नव्हता. महावितरणची वीज समांतर होतीच. पण आमच्या भरवशावर हॉटेलने काँट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणकडून एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेणार याचा करारातला आकडा, कमी करून घेतली होती. इंजिन बंद पडलं आणि त्याच वेळी एसीचा भार जास्त असला, तर एका दुपारच्या चुकीचा दंड महिन्याच्या बिलात दिसणार.

मी सगळं तपासलं. थ्री-वे व्हॉल्व्ह नीट उघडझाप करत होता. पंपाची दिशा बरोबर. इंजिनाची उष्णता टाकीच्या पाण्याला देणारा प्लेट हीट एक्स्चेंजर नवाकोरा. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला. तोही खरं बोलत होता. टाकीचा काटा 66 अंशांवर. म्हणजे 10,000 लिटरची टाकी काठोकाठ तापलेली आणि पाणी घेणारं कुणी नाही. गच्चीवर जादा उष्णता फेकायला डंप रेडिएटर होता, पण तो मीच लहान घ्यायला लावला होता. 'कधीतरीच लागेल' असं तेव्हा मीटिंगमध्ये छाती काढून म्हणालो होतो. तसंही रेडिएटरने उष्णता उडवायची असेल तर गॅस जाळून वीज करण्यापेक्षा महावितरणची परवडते.

कुठे व्हॉल्व्ह बंद राहिलाय का, हे बघायला लाँड्रीत गेलो. पाचपैकी तीन मोठी मशीनं रिकामी. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मशीनं बिघडलीत का?"

"बिघडतील कशाला? कपडेच नाहीत साहेब. आखाडात कोण लग्न करतंय?" घडी न थांबवता त्या पुढे म्हणाल्या, "आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत हे असंच."

मी तिथेच पायरीवर बसलो. गरम पाण्याचं मीटर लावून आम्ही मोजणी केली होती ती डिसेंबरातले तीन आठवडे. दोन्ही हॉल रोज लग्नांना दिलेले, बँक्वेटचं किचन पहाटेपासून पेटलेलं, टेबलक्लॉथचे ढीग. रोज 60,000 लिटर! शिवाय पुण्याची थंडी, टाकीत येणारं पाणीच 20 अंशांचं. ते 60 पर्यंत न्यायला अकरा तास इंजिन लागत होतं. आता जुलैत नळाचं पाणी 26 अंशांचं आणि दिवसाचा खप 18,000 लिटर. हिशेब केला तर तीन तासांचंसुद्धा काम नव्हतं. चूक व्हॉल्व्हची नव्हती. मी लग्नसराई मोजून वर्षभराचं यंत्र घेतलं होतं.

थंड देशांत अशी इंजिनं घरंही तापवतात, म्हणून सहा-सात महिने उष्णतेला गिऱ्हाईक असतं. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणजे बादली, भांडी आणि चादर. ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, आणि तरीही मी विजेचा भार बघून इंजिनाचा आकार ठरवला.

चीफ इंजिनिअरना खरं ते सांगितलं. या खेपेला मात्र ते बोलले, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळपर्यंत वेळापत्रक बदललं. टाकी रात्री निवू द्यायची, इंजिन पहाटेपासून नाश्त्यापर्यंत आणि थोडं संध्याकाळी चालवायचं. काँट्रॅक्ट डिमांड परत वाढवायचा अर्ज गेला. पुढच्या उन्हाळ्याआधी उरलेल्या उष्णतेवर चालणारा 30 टनांचा (एसीचे टन, वजनाचे नव्हेत) व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर घ्यायचं ठरलं. त्यात कॉम्प्रेसर नसतो. लिथियम ब्रोमाइडचं द्रावण गरम पाण्याने तापवून गारवा काढतात. 150 किलोवॅट उष्णता घेऊन तो शंभरेक किलोवॅट थंडावा देतो. म्हणजे पावसाळ्यात नाही आंघोळीला तर लॉबीच्या एसीला तरी आमची उष्णता उपयोगी पडणार होती.

मार्चमध्ये चिलर ट्रेलरवरून आला तेव्हा बेसमेंटच्या रॅम्पवरचा बीम मी स्वतः टेप लावून मोजला होता. तरी दोन इंच कमी पडले. शेवटी क्रेन बोलावून तो गच्चीवर चढवला, आणि त्याच्या पाईपसाठी मावशींच्या लाँड्रीच्या भिंतीला भोक पाडावं लागलं.