कोण शिकणार, कोण बसणार

स्की करायला उत्तराखंडातल्या औलीला जायचं ठरलं एकदाचं. गुलमर्ग की औली यावरून भाऊजींनी डोकं उठवलं होतं. शेवटी आई म्हणाल्या, "जोशीमठात नृसिंहाचं दर्शन होते न जी," आणि विषय मिटला.

झोप उडाली ती पुष्करच्या यादीमुळे. स्कीचे बूट भाड्याने घ्यायचे म्हणून त्याने ग्रुपवर सगळ्यांचे नंबर मागवले. भाऊजींचासुद्धा, ज्यांना जिना उतरताना कठडा लागतो. माझं नाव पार खाली, आईंच्या शेजारी. पुढे लिहिलंय, बसणार. काकू, तुम्ही करणार का, एवढं विचारायला काय जात होतं?

यांना सांगितलं तर म्हणे, "मग सांग न त्याला." सांगून नंबर लागण्यात काय अर्थ आहे, हे यांना कधी कळलंय! गेल्या दिवाळीत पण... जाऊ दे.

दिल्लीचं रिझर्व्हेशन मी काढलं. जोशीमठात घरांना तडे गेले तेव्हा, जानेवारी 2023 मध्ये, तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, हे मी शोधलं. बाकी सगळे तर ते 4 किलोमीटर हवेतून तरंगत जायच्या तयारीत होते. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण 250 किलोमीटर, सगळा घाट. आईंची कंबर एका दिवसात तेवढं सहन करणार नाही म्हणून रुद्रप्रयागला मुक्काम, तोही माझ्याच डोक्यातून. तिबेट्यांकडून कानटोप्या घासाघीस करून आणल्या त्या कोणी? आणि वर पोचल्यावर मी काय करायचं, तर लोकांची जॅकेटं सांभाळायची. नंदादेवी दिसते म्हणे समोर. बघत बसा.

विचारलंसुद्धा नाही.

रात्री व्हिडिओ लावून बसले. शिकवणारा आधी पडायलाच शिकवतो. मागे नाही, कुशीवर पडायचं. गुडघे वाकवायचे, थांबायचं असेल तर पायातल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या. एक बाई पुन्हा पुन्हा पडत होती आणि हसत होती. मला आपलं शंकरनगर चौक आठवला. लूनावरून आडवी झाले होते, पण वांग्यांची पिशवी हातातून सुटू दिली नव्हती. म्हणजे पडण्याचा अनुभव घरात सगळ्यांत जास्त माझाच.

आणि गढवाल मंडळ विकास निगमाचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यटनवाल्यांचा, स्कीचा साधा कोर्सच 7 दिवसांचा असतो. आम्ही वर राहणार 2 दिवस. तेवढ्यात पुष्कर काही ऑलिम्पिकला जात नाही. त्यातून बर्फच पडला नाही, तर सगळेच बसणार. भाऊजी तर आनंदाने बसतील, फक्त कबूल करणार नाहीत.

पावणेबाराला ग्रुपवर लिहिलं: काकू, बूट 5 नंबर.

पुष्करचा अंगठा आला. नुसता अंगठा. याचा आता काय अर्थ लावायचा, बाप्पा?