कॅन्सर ट्रायलचा प्रोटोकॉल आणि माझी कटकट

मी रिसर्च फार्मसीत आहे, म्हणजे ट्रायलमधल्या (उपचारांची चाचणी घेणाऱ्या अभ्यासातल्या) कॅन्सर पेशंटच्या केमोच्या बॅगा हूडशी, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाशी, बसून भरायच्या. प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायल कशी चालवायची याची नियमावली, दीडशे पानांचा आणि माझ्या कामाचं त्यात काय, तर 'औषध प्रमाणित पद्धतीने तयार करावे' एवढी एक ओळ. कुणाची प्रमाणित पद्धत हो?

एकदा तर कहरच झाला, पेशंटचं वजन ५८ वरून ५४ वर आलेलं म्हणजे साधारण ७ टक्के कमी, प्रोटोकॉल म्हणतो १० टक्क्यांच्या वर फरक पडला तरच डोस परत काढा आणि फार्मसी मॅन्युअल (औषध तयार करण्याची वेगळी पुस्तिका) म्हणतं ५ टक्के. आता ऐकू कुणाचं? स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीला, मेल टाकला, उत्तराला अडीच तास लागले, तोवर त्या बाई खुर्चीत बसून आणि सिस्टर दर दहा मिनिटांनी खिडकीशी, "झालं का?"

म्हणून पुढच्या ट्रायलचा ड्राफ्ट आला तसा मीच मागून घेतला. कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, ट्रॅस्टुझुमॅब ही कॅन्सरची तीन औषधं, तिन्हीपुढे नुसतं 'आयव्ही इन्फ्युजन', म्हणजे शिरेतून द्या. अरे, ट्रॅस्टुझुमॅब डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या पाण्यात) चालत नाही, मिठाच्या पाण्याचं सलाईनच लागतं, पॅक्लिटॅक्सेलला पीव्हीसी नसलेली ट्यूबिंग आणि बारीक फिल्टर लागतो, हे कुठे लिहिणार? कार्बोप्लॅटिनचं तर विचारूच नका. डोस म्हणजे एयूसी (शरीराला एकूण किती औषध मिळायला हवं तो आकडा) गुणिले कंसात जीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते) अधिक २५, पण जीएफआरला १२५ ची मर्यादा घालायची की नाही ते लिहिलंच नव्हतं. एयूसी ६ धरला तर मर्यादेसकट जास्तीत जास्त ९०० मिग्रॅ, आणि एखाद्या बारीक पेशंटचं क्रिएटिनिन (रक्तातला जो आकडा वापरून जीएफआर काढतात तो) कमी म्हणून जीएफआर १५० आला तर थेट १०५०. दोन सेंटरवर दोन डोस जातील आणि दोघंही म्हणतील आम्ही प्रोटोकॉलच पाळला!

ड्राफ्ट लिहिणाऱ्यांना हे कळवलं, तर उत्तर आलं, "हे सगळं मॅन्युअलमध्ये येईल." म्हणलं मॅन्युअल नंतर येतं, त्याचं व्हर्जन वेगळं बदलतं, तिथेच तर गोंधळ होतो. दोन मीटिंगा झाल्या, डॉक्टर मंडळी जरा वैतागलीच, पण ५८ आणि ५४ चा किस्सा सांगितल्यावर गप्प झाले. शेवटी वजनाचा नियम आणि १२५ ची मर्यादा फक्त प्रोटोकॉलमध्ये ठेवायचं ठरलं, मॅन्युअलने तिकडे बोट दाखवायचं, आणि प्रत्येक औषधाला सलाईन की डेक्स्ट्रोज, किती मिली, ट्यूबिंग-फिल्टर कोणता, भरल्यावर किती तास टिकतं याचा एक तक्ता.

फायनल व्हर्जन हातात आलं तेव्हा आधी तक्ताच उघडला. पॅक्लिटॅक्सेलच्या रकान्यात फिल्टर राहून गेला होता. आता त्यासाठी अमेंडमेंट, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये रीतसर दुरुस्ती.