जिप्सीचं ॲव्हरेज कोण खातंय?

७ डिसेंबर, रविवार

साडेसात. परत साडेसातच. नोझल कट झाल्यावर पंपावरच्या पोराने सवयीने "राउंड करू का?" विचारलं, मी सवयीने नको म्हटलं. राउंड फिगरच्या नादी लागलं की हिशेबाचे तीनतेरा वाजतात. पहिल्या कटला थांबायचं, पंप तोच, मशीन तेच, गाडी उभी करायची जागाही तीच. २२१ किलोमीटरला साडेएकोणतीस लिटर. दिवाळीपूर्वी हीच जिप्सी याच रस्त्यावर अकरा देत होती.

२००७ ची मारुती जिप्सी किंग आहे, तेराशे सीसी, सोळा वॉल्वची एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा हरित कर भरून, पासिंग करून पुढची पाच वर्षं पदरात पाडून घेतली. घरात तिच्याबद्दल दोन मतं आहेत, त्यातलं एक फक्त माझं. जिप्सीने अकरा द्यावेत यात कौतुक काही नाही, पण तक्रारही नव्हती. साडेसात मात्र झोंबतं, कारण आठवड्यातून दोन-तीनदा नाशिकहून निफाडच्या बागेत जाणं होतंच, आणि द्राक्षाच्या या दिवसांत तर पहाटेच निघावं लागतं.

दुपारी मळ्यात विषय काढला. उत्तर सगळ्यांच्या खिशात तयार होतं: इथेनॉल. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, अर्धा ऊसच भरतोस तू टाकीत." हा स्वतः चार एकर ऊस लावतो, हे विशेष.

इथेनॉलबद्दल मलाही राग आहे. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं, आणि माझ्या गाडीचे रबरी पाइप त्याच्या कितीतरी आधीच्या जमान्यातले आहेत. पण राग वेगळा, हिशेब वेगळा. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्केवाल्यात सहा-सात टक्के कमी भरते, आणि आधीच्या दहा टक्केवाल्याशी तुलना केली तर जेमतेम साडेतीन. अकरावर साडेतीन टक्के लावले तरी साडेदहाच्या वरच राहतो. माझे तर तीसएक टक्के गेलेत. शिवाय उन्हाळ्यातला अकरा याच पंपावरच्या, याच वीस टक्केवाल्या पेट्रोलचा आहे. तेव्हा या प्रकरणात इथेनॉल निर्दोष.

१० डिसेंबर, बुधवार

दुसरा संशयित दिवाळी पाडव्याला घरी आला: नवे टायर. कंपनीचं माप २०५/७० आर १५, मी २१५/७५ घातले. बागेतल्या चिखलात पकड चांगली मिळते आणि, खरं सांगायचं तर, दिसतात भारी. जुन्या टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, नव्याचा ७०३ च्या आसपास. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण जिप्सीचा किलोमीटरचा काटा ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) निघणाऱ्या केबलवर चालतो. त्याला बिचाऱ्याला काय कळणार टायर बदललेत ते. तो जुन्याच हिशेबाने कमी मोजत राहतो.

आज पहाटे मुंबई-आग्रा रस्त्याने ओझर-पिंपळगावकडून गेलो आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले. वीस दगड मागे पडले तेव्हा काट्यावर एकोणीस झाले होते. कागदावरही पाच टक्क्यांचाच फरक निघतो. म्हणजे माझे २२१ प्रत्यक्षात २३२ च्या पुढे, आणि साडेसातचे झाले सात पूर्णांक नऊ. काही न दुरुस्त करता चाळीस पॉइंट परत मिळाले!

बाकी टायर जड आहेत, नक्षीच्या गोट्या मोठ्या आहेत, रस्त्यावर गुरगुरतात. तेही थोडं खाणार. अर्धा-पाऊण किलोमीटर त्यांच्या नावावर टाकू. तरी दोनाच्या वर हिशेब लागत नाही.

दगड मोजताना नजर सारखी डॅशबोर्डवर होती, तेव्हा एक नोंद: तापमानाचा काटा 'सी'च्या, म्हणजे थंडच्या, रेघेपासून जरासा उचलला आणि पिंपळगावपर्यंत तिथेच बसून राहिला. एरवी तो अर्ध्याच्या किंचित खाली असतो. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी होती हे खरं, पण गेल्या हिवाळ्यातही ती होती.

१३ डिसेंबर, शनिवार

किरकोळ संशयित एका दुपारीत निकालात काढले. ब्रेक: गाडी चालवून आणून चारही चाकांना हात लावला, सगळी सारखीच कोमट, सपाटीवर न्यूट्रलला टाकली तर निवांत घरंगळत गेली. पुढचे दोन्ही हब 'फ्री'वर आहेत, ट्रान्सफर केस 'टू एच'मध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जातेय. एअर फिल्टर मळलेला आहे, पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्याने ॲव्हरेज पडत नाही, फार तर पिकअप मार खातो. कार्ब्युरेटरच्या काळातला हा समज आपल्याकडे अजून जिवंत आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून चाचण्या घेतल्या, त्यातही हेच निघालं. झटकून परत बसवला.

मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. काजळी, मऊ आणि काळीभोर. एक प्लग काढला, तोही काळा, वर पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल जळत नाहीये, नुसतं ओतलं जातंय. खात्री करायला पीयूसीवाल्याकडे गेलो. मुदत संपायला वेळ होता, पण त्याच्याकडे धूर तपासायचं यंत्र आहे आणि एवढ्या स्वस्तात तशी तपासणी दुसरीकडे कुठे होत नाही. चिठ्ठीवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा मागच्या चिठ्ठीच्या दुपटीहून जास्त. पीयूसीच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात त्या याचसाठी. पावती म्हणून त्यांना किंमत असेल-नसेल, गाडीच्या तब्येतीची नोंद म्हणून आहे.

आता प्रश्न असा, की एवढं जास्त पेट्रोल जात असताना इंजिनचा दिवा का पेटत नाही? रात्री याच विचारात होतो. ऑक्सिजन सेन्सर गेला असता तर बहुधा दिवा लागला असता, तापमानाचा सेन्सर तुटला असता तरीही. दिवा नाही, म्हणजे कदाचित सगळे सेन्सर खरंच बोलत असतील. इंजिन खरोखरच थंड असेल. थंड इंजिनला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल देतो, तसं त्याला शिकवलेलंच आहे; इंजिन तापल्यावरच तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिश्रण ताळ्यावर आणतो. तापलंच नाही तर? जन्मभर चोक ओढून गाडी चालवल्यासारखं. बुधवारचा काटा आठवला.

१४ डिसेंबर, रविवार

याची तपासणी फुकट आहे. सकाळी थंडगार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर तळहात ठेवून उभा राहिलो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहायला हवा. इंजिनातलं पाणी आतल्या आत फिरतं, ठरावीक अंशापर्यंत तापतं, मग वॉल्व उघडतो आणि पाइप एकाएकी हात लावू देत नाही. माझा पाइप पहिल्या मिनिटापासूनच कोमट व्हायला लागला. हळूहळू, आंघोळीच्या पाण्यासारखा. पाणी पहिल्यापासूनच रेडिएटरमधून फिरत होतं.

वॉल्व उघडा अडकला असणार असं धरून चाचांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी वरच्या पाइपचा क्लॅम्प सैल केला, झाकणाचे बोल्ट काढले, आत बघितलं आणि बाजूला सरकून मला जागा दिली. "बघा शेठ."

आत काहीच नव्हतं. कडेने लाल सिलिकॉनची जाड वेटोळी आणि मधोमध मोकळं भोक. थर्मोस्टॅट अडकला नव्हता, कुणीतरी काढूनच टाकला होता.

कुणी ते शोधायला लांब जावं लागलं नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हायवेवर होज फुटला होता, तेव्हा समोर जे गॅरेज दिसलं तिथे गाडी लावली. बिल अजून डॅशबोर्डच्या खणात आहे: होज पाइप, क्लॅम्प, रेडिएटर सफाई, मजुरी. वॉल्वबद्दल एक अक्षर नाही. आणि पाठोपाठ आठवड्याभरात टायर आले, त्यामुळे दोघांचा गुन्हा एकमेकांच्या आड लपला.

चाचा म्हणाले, "सगळे काढतात शेठ. आपल्याकडे ऊन किती! वॉल्व नसला की गाडी गरम होत नाही." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, ट्रकवाल्यांकडून, ट्रॅक्टरवाल्यांकडून. पण धड थर्मोस्टॅट इंजिन पुरतं तापल्यावर पूर्ण उघडलेलाच असतो. मग तो काढून उन्हाळ्यात जास्तीचं ते काय मिळणार? गाडी तापत असेल तर रेडिएटर तुंबलेला असतो, फॅनचा पट्टा ढिला असतो, हेड गॅस्केट गेलेली असते. वॉल्व काढला की मूळ दुखणं चार महिने झाकलं जातं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. चाचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

नवा थर्मोस्टॅट बाजारात मिळाला, कडेवर ८२ आकडा कोरलेला. बसवायच्या आधी घरी तपासायचा म्हटल्यावर दुधाचं पातेलं मिळणार नाही हे आधीच सांगण्यात आलं, तेव्हा जुनं ॲल्युमिनियमचं घेतलं. वॉल्व दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. सत्तर झालं, काही नाही. पंचाहत्तर, काही नाही. बाजूला उभ्या असलेल्या लेकीचा उत्साह संपत आला होता. ऐंशीच्या पुढे गेल्यावर पितळी चकतीच्या कडेला केसाएवढी फट पडली, आणि मग डोळ्यांदेखत चकती खाली सरकत गेली. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि स्प्रिंगला रेटतं. ना वायर, ना बॅटरी. गॅस बंद केला तशी ती सावकाश परत मिटली. लेकीने पुन्हा करून दाखवायला लावलं.

संध्याकाळी बसवला. झाकणाला कागदी गॅस्केट, सिलिकॉन अगदी नावाला. आतलं पाणी गंजाच्या रंगाचं निघालं, म्हणजे हायवेवाल्याने कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलं होतं. तेही बिलात नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

आठवडाभर काटा अर्ध्याच्या किंचित खाली, जिथे असायला हवा तिथे. पिंपळगावच्या सपाटीवर, पहाटेच्या गारठ्यातही.

आज तोच पंप, पहिला कट. काट्याप्रमाणे नऊ पूर्णांक सहा, टायरची दुरुस्ती धरली की दहाच्या थोडं वर. राहिलेला पाऊण-एक किलोमीटर टायर आणि थंडीच्या नावावर. तेवढा मी सोडला, कारण टायर काढायचे नाहीत. चुलतभावाला आकडा कळवला तर म्हणाला, पेट्रोल नवीन आलं असेल पंपावर.

एक काम शिल्लक आहे. परवा डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि त्याला पेट्रोलचा वास. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरत दोन महिने त्यात मिसळतंय, पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना काय संभाळणार. बदलायला अजून बाराशे किलोमीटर बाकी होते, पण थांबण्यात अर्थ नाही. चाचांना मंगळवारची वेळ मागितली आहे, ऑइल आणि फिल्टर मीच घेऊन जाणार. या वेळी काढलेला प्रत्येक पार्ट परत द्या म्हटलं, तर हसले.