पुलावरची पट्टी आणि नाईल

ऑगस्ट उजाडला की सांगलीत माणसे खुशाली नंतर विचारतात, आधी आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. असेच एकदा पाणी पाहून आलो आणि प्राचीन इजिप्तविषयी वाचत बसलो, तेव्हा नदीच्या मोजमापावर एक राज्य कसे उभे राहिले असेल, ते मला प्रथमच नीट उमगले.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. तरीही ऐन उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली नाईल फुगू लागे, कारण तिला भरणारा मोसमी पाऊस शेकडो कोस दूर इथिओपियाच्या डोंगरांत पडत असे. आम्हाला याचे नवल वाटू नये. महाबळेश्वर आणि कोयनेकडे कोसळले की सांगलीत ऊन असतानाही कृष्णा चढते. नाईलचा पूर मात्र इतक्या नेमाने येई, की त्या लोकांनी पूर, पेरणी आणि कापणी असे चार-चार महिन्यांचे तीनच ऋतू मानले. पाणी ओसरले की मागे राहिलेल्या ओल्या गाळात बी टाकायचे. आपल्याकडे धरणाच्या पोटातल्या जमिनीत करतात ती गाळपेरच, पण देशभराची. त्या काळ्या मातीवरूनच त्यांनी आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हटले.

दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांलगतच्या भिंतीवर पाणी मोजण्याच्या खुणा आजही दिसतात. त्यांचा एक हात सुमारे ५२ सेंटिमीटरांचा. पूर किती हात चढला यावरून पिकाचा आणि शेतसाऱ्याचा अंदाज बांधला जाई. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की १२ हात पाणी म्हणजे उपासमार आणि १६ हात म्हणजे आनंदीआनंद. आम्ही पट्टीवर फक्त वरचा आकडा पाहतो. त्यांना कमी पाण्याचीही तितकीच धास्ती होती.

वाऱ्याचे गणितही त्यांच्या बाजूने होते. नदी उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडूनच येतो, त्यामुळे जाताना शीड आणि येताना प्रवाह, अशी ये-जा सोपी झाली. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणे दाखवायला शीड उभारलेली नाव आहे, तर उत्तरेला जाण्यासाठी शीड उतरवलेली. अस्वानचा ग्रॅनाइट आणि गावोगावचे धान्य याच वाटेने हलत असे. वाळवंटाने त्यांचे रक्षण केले असेही म्हणतात, पण मला ते थोडे वाढवून सांगितलेले वाटते. हिक्सोस नावाचे पश्चिम आशियातले लोक ईशान्येकडून आलेच की.

इटलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयातल्या एका शिलाखंडावर इजिप्तच्या जुन्या राजांची वर्षे चौकोनांत कोरलेली आहेत आणि बहुतेक चौकोनांच्या तळाशी त्या वर्षीच्या पुराची उंची हात, वीत, बोटे अशी नोंदलेली आहे. आमच्या ओसरीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीनच रेघा आहेत, २००५, २०१९ आणि २०२१ च्या. मधल्या वर्षांचे पाणी आम्ही कुणी टिपून ठेवलेले नाही.