आमची वाटचाल : आधी मालकाची शिकवणी

सुरुवातीला आम्ही पुण्यात घरोघरी जाऊन कुत्री शिकवायचो. आमच्यासमोर कुत्रा अगदी शहाणा; आमची पाठ फिरली की घरच्यांना जुमानायचा नाही. मग फोन यायचे, "तो तुमचंच ऐकतो हो!" ऐकायला बरं वाटतं, पण फी मालक भरतो आणि कुत्रा राहतो त्याच्याकडे.

क्लिकरकडे वळलो ते यामुळेच; तो हातात घेऊन मालकच कुत्र्याला शिकवू शकतो. प्लास्टिकची चिमुकली डबी, आत स्टीलची पट्टी; दाबली की टिक. जत्रेतला पत्र्याचा बेडूक आठवा, तसाच आवाज. १९५१ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी एका लेखात अशाच खेळण्याने घरचा कुत्रा शिकवायची रीत सांगितली होती. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड हे नवरा-बायको तर १९४३ पासून प्राणी शिकवण्याचा धंदाच करत होते. म्हणजे आमच्या धंद्याचे मूळपुरुष तेच (आणि मूळस्त्रीही).

सगळी गंमत वेळेची आहे. हवी ती गोष्ट घडली त्या क्षणी टिक, मग खाऊ. खाऊ द्यायला जरा उशीर झाला तरी चालतो, टिक करायला झालेला चालत नाही. 'बस' शिकवताना बूड उचलल्यावर टिक केलंत, तर कुत्रा उठायलाच शिकणार.

म्हणून आमचा पहिला वर्ग कुत्र्याशिवाय होतो. आम्ही चेंडू टाकतो, तो फरशीला टेकला की मालकाने टिक करायचं. नंतर एकाला खोलीबाहेर पाठवायचं आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते बाकीच्यांनी ठरवायचं. एका घरी आजींनी तोंडातून अक्षर न काढता, नुसत्या टिकटिकीवर जावयाला फडताळातला शेवेचा डबा काढायला लावला. जावई घामाघूम! "एवढं सोपं कसं कळत नाही याला?" हे कुत्र्याला ऐकवणं त्या घरात त्या दिवसापासून थांबलं.

पावसाळ्यात फिरणं बंद पडलं की आमच्या खेळांना मागणी येते. इडलीपात्राच्या खळग्यांत खाऊ ठेवायचा, वर टेनिसचे चेंडू. कुत्रा हुंगून हुंगून एकेक बाजूला सारतो. मला स्वतःला खोक्याचा खेळ जास्त आवडतो. रिकामं खोकं मध्ये ठेवायचं आणि गप्प बसायचं. त्याकडे बघितलं, टिक. नाक लावलं, टिक. पंजा ठेवला, टिक. मग नुसत्या बघण्याला टिक मिळत नाही, तेव्हा कुत्रा विचारात पडतो, आणि तो चेहरा बघण्यासारखा असतो. शेवटी चारही पाय आत. रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री आधी आवाजालाच बिचकतात. त्यांच्यासाठी क्लिकर मोज्यात गुंडाळतो, नाहीतर बॉलपेनचं बटण दाबतो. भीड चेपली की भल्याभल्या जातिवंतांना मागे टाकतात.

खाऊ वाटाण्याएवढाच, आणि तोही रोजच्या जेवणातून वजा. चिकन न चालणाऱ्या घरांत पनीर.

"काटेरी पट्टा लावा, पण सरळ करा" म्हणणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. त्यात काही गिऱ्हाइकं गेली. मालकच शिकल्यावर एका घरातली आमची कमाईही घटली, हे खरंच आहे. पण तीच माणसं खेळांच्या बॅचला परत येतात, येताना शेजाऱ्यालाही आणतात, आणि सध्या आमचं त्यावर चालतं. बॅच मुद्दाम लहान ठेवतो. क्लिकर फीमध्येच मिळतो. दुसरा लागला तर मागा. पहिला बहुधा विद्यार्थ्यानेच चावलेला असतो.