काळ्या मोलेचे ताट

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका शहरात एखाद्या घरगुती खाणावळीत दुपारी जेवायला बसले, की पदार्थांच्या यादीत बरिटोही सापडत नाही आणि नाचोही. हे दोन्ही पदार्थ उत्तरेकडच्या, अमेरिकेच्या सीमेलगतच्या मुलखातले; वाहाकाच्या लोकांना त्यांच्याशी फारसे देणेघेणे नाही. इथली यादी सुरू होते ती मोलेपासून, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या वाटणाच्या दाट रश्शापासून. वाहाका राज्याला सात मोलेंचा प्रदेश म्हणतात आणि काळा, तांबडा, पिवळा, हिरवा अशी त्यांची नावे रंगांवरूनही पडली आहेत, जरी पिवळा मोले माझ्या डोळ्यांना नेहमी नारिंगीच वाटला.

मी काळा मागवला आणि मराठी माणसाच्या सवयीने तो फार तिखट आहे का, असे विचारले. वाढणाऱ्या बाईंनी मान हलवून नकार दिला. बहुधा हा प्रश्न त्यांना गैरलागू वाटला असावा. थोड्या वेळाने ताट आले. त्यात कोंबडीचा एक तुकडा जवळजवळ डांबराइतक्या काळ्या, चकचकीत रश्शात बुडालेला होता, वर तीळ भुरभुरलेले होते आणि शेजारी पांढऱ्या भाताची मूद होती. पहिल्या घासाला धुराचा कडवटपणा जाणवतो, मग सुक्या फळांचा गोडवा वर येतो आणि तिखटपणा अगदी शेवटी, तोही नावापुरता, जिभेवर उमटतो. कोंबडी हे केवळ निमित्त असते; पोटभर खायचा असतो तो रस्सा.

एवढ्या मिरच्या घालूनही तिखट न होणाऱ्या या रश्शामागे मोठा खटाटोप असतो. चिलवाक्ले नावाची काळी मिरची वाहाकातल्याच कान्यादा भागात पिकते. ती दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे अनेक स्वयंपाकघरांत दुसऱ्या सुक्या मिरच्यांवर भागवावे लागते. मिरच्यांच्या बिया काढून साली काळपट होईपर्यंत भाजतात, बिया तर वेगळ्या घेऊन त्यांचा अक्षरशः कोळसा करतात आणि तो पाण्यात भिजवून त्याचा जहाल कडूपणा कमी करतात. सोबत एखादी टॉर्टिला, म्हणजे मक्याची पातळ पोळी, हीही मुद्दाम जाळली जाते. त्या धुराने सगळ्या घराला ठसका लागतो, म्हणून हे काम शक्यतो अंगणात होते. पुढे तीळ, बदाम, मनुका, टोमॅटो, कांदा, लसूण, पिकलेले केळे, दालचिनी, लवंग आणि मिरे असे वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजून-तळून वाटले जातात. पूर्वी हे वाटण तीन पायांच्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून करत असत. आता बहुतेक जण डबे घेऊन गल्लीतल्या गिरणीवर जातात. शेवटी ते वाटण चरबीत परतून त्यात कोंबडीचे पाणी आणि थोडे चॉकलेट घालतात. चॉकलेटच्या त्या तुकड्यामुळे परदेशी पाहुणे मोलेला चॉकलेटचा रस्सा म्हणून मोकळे होतात, ते मात्र अन्यायाचे आहे.

दालचिनी, लवंग आणि मिरे आशियातले. स्पॅनिश राजवटीत ते मेक्सिकोत पोहोचले. मिरची मूळची मेक्सिकोकडची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. आपण तिला मनापासून आपलेसे केले, पण तिच्याकडून मुख्यतः तिखटपणाचेच काम घेतले. ब्याडगीला रंगासाठी आपण मान देतो, हे खरे. तरी मिरचीतून धूर, कडवटपणा आणि मनुकांसारखा गोडवाही काढता येतो, हे मला त्या ताटासमोर बसेपर्यंत सुचले नव्हते.

टॉर्टिला फडक्यात गुंडाळून टोपलीतून येतात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवले, की साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडते. युरोपने मका नेला, पण चुना नेला नाही. परिणामी जिथे गरिबांचे जेवण मक्यावरच येऊन ठेपले, तिथे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाची साथ पसरली. टॉर्टिलाचा तुकडा मोडून त्याने रस्सा पुसून घेणे इथे अशिष्ट मानत नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. भाज्यांचा म्हणून मागवलेला मोलेही कोंबडीच्या पाण्यात सैल केलेला असू शकतो, आणि काळ्या घेवड्याच्या लगद्यात बहुधा डुकराची चरबी असते. लिंबू, मीठ आणि लसूण लावून भाजलेले नाकतोडे तर वाटीभर समोर येतात. ते कुरकुरीत लागतात, याउपर त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

काळ्या मोलेचे वाटण बाजारात किलोवर मिळते आणि पिशवीत घालून घरी आणता येते. हिरव्याचे तसे नाही. त्याचा रंग शेवटी घातलेल्या ताज्या पानांचा असतो आणि चुलीवर जरा जास्त वेळ राहिला तर तो मावळू लागतो, म्हणून हिरवा मागवला की गप्पा बाजूला ठेवून आधी जेवून घ्यावे.