झेड८०ची तिसरी नोंद: मिचकावणारा ए-७ आणि मामांचं सॉकेट

झेड८० या जुन्या आठ-बिट सीपीयूभोवती घरी एक छोटा कॉम्प्युटर जोडतोय. मागच्या नोंदीत पॉवर सप्लायपर्यंत आलो होतो. ७८०५चा, म्हणजे ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरचा, हीटसिंक आता हात लावण्याइतका गार राहतो, म्हणजे तो विषय संपला. या महिन्यात सीपीयू बोर्डावर बसला, चालला, अडकला, आठ दिवस माझा जीव खाल्ला, आणि काल रात्री साडेअकराला आठ एलईडी एकामागून एक पळाले. घरचे झोपले होते म्हणून ओरडलो नाही.

दोघा-तिघांनी विचारलं होतं, की डिप्लोमाला आपण सगळे इंटेलच्या ८०८५ सीपीयूवर घासलो, मग हा झेड८० कशाला? कारण अगदी साधं आहे. ८०८५मध्ये खालच्या आठ ॲड्रेस लाइन आणि डेटा लाइन एकाच पायांवर असतात. आत्ता पायांवर पत्ता आहे असं सांगणारा एएलई सिग्नल बघून ३७३ लॅचनं (आकडा धरून ठेवणाऱ्या चिपनं) त्या वेगळ्या कराव्या लागतात. मला बसवर, म्हणजे या ॲड्रेस-डेटाच्या तारांवर, थेट एलईडी लावून मशीन काय करतंय ते डोळ्यांनी बघायचं होतं. झेड८०चे सोळाच्या सोळा ॲड्रेस पाय मोकळे आहेत. शिवाय ८०८५ ज्यावर बेतलाय त्या ८०८०चे ऑपकोड, म्हणजे हुकमांचे आकडे, तो तसेच मानतो, त्यामुळे ३ई म्हणजे ए रजिस्टरमध्ये (सीपीयूतल्या एका कप्प्यात) भर, ७६ म्हणजे थांब, हे परीक्षेसाठी केलेलं पाठांतर इथेही कामाला येतं. फक्त कॉलेजच्या जर्नलमधल्या प्रोग्रॅममध्ये रिम-सिम (८०८५चे खास हुकूम, ऑपकोड २० आणि ३०) असेल तर सांभाळा. ८०८५चे ते २० आणि ३० झेड८०ला उडीचे हुकूम वाटतात आणि प्रोग्रॅम भलतीकडेच जातो.

चिप पुण्याहून, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणली. झिलॉगनं १९७६ साली काढलेला हा सीपीयू चाळीस पायांच्या रूपात २०२४पर्यंत बनत होता. जूनमध्ये शेवटच्या ऑर्डरी घेऊन त्यांनी तो बंद केला. तेव्हापासून जुना माल घासून त्यावर नवा छाप मारलेल्या चिपा जास्तच दिसतात, म्हणून आल्या आल्या ॲसिटोनचा बोळा फिरवला. अक्षरं टिकली. खरी परीक्षा मात्र मंद क्लॉकची, म्हणजे सीपीयूला ताल देणाऱ्या ठोक्यांची. मला सीमॉस बनावटीचा झेड८४सी०० हवा होता, कारण त्याचा क्लॉक कितीही हळू करा, अगदी थांबवा, तो आतलं काही विसरत नाही. जुन्या एनमॉस बनावटीला इतका हळू क्लॉक चालत नाही, आणि तो शंभर मिलिअँपच्या आसपास खाऊन गरमही होतो. माझा थंड राहिला. पैसे वसूल.

पहिली चाचणी नेहमीचीच, एनओपीची, म्हणजे ‘नो ऑपरेशन’ हुकमाची. आठही डेटा लाइन एकेका १ के रेझिस्टरमधून ग्राउंडला. सीपीयू काहीही वाचायला गेला तरी त्याला शून्य मिळतं, आणि शून्य म्हणजे ‘काही करू नकोस, पुढे जा’. तो बिचारा पुढे पुढे जातो आणि ॲड्रेस लाइनींवर आकडे चढत जातात. वेट, इंट, एनएमआय, बसरिक्वेस्ट हे सीपीयूला थांबवणारे किंवा मध्येच अडवणारे चार पाय १० केमधून ५ व्होल्टला, रीसेटला पुशबटन. क्लॉक ५५५ या टायमर चिपचा: १ के, ६८ के आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण साडेदहा हर्ट्झ. (डेटाचे पाय ज्यानं मांडले त्याला एकदा भेटायचं आहे. पाय ७पासून डी४, डी३, डी५, डी६, मध्येच ५ व्होल्ट, मग डी२, डी७, डी०, डी१. दोनदा चुकलो.)

बटन सोडलं. ए-०, म्हणजे सगळ्यांत खालच्या ॲड्रेस लाइनीचा एलईडी, लुकलुकला, मग ए-१, मग ए-२. खुर्ची मागे सरकवून चहा घेत बघत बसलो. पाऊण मिनिट उलटलं, ए-७ची पाळी आली, आणि तो नीट पेटण्याऐवजी मिचकावू लागला. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. पुढे ए-८ तसाच. ए-० ते ए-६ मात्र एकदम शिस्तीत.

मला वाटलं ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका. ए-७चा, म्हणजे ३७ नंबरचा पाय पुन्हा डाग दिला. एलईडी बदलला. शेजारच्या ट्रॅकशी शॉर्ट असेल म्हणून कटरनं खरवडलं. तरी तेच. मग घड्याळ लावून मोजलं: रीसेटनंतर बरोबर ४९ सेकंदांनी मिचकावणं सुरू. एका एनओपीला चार क्लॉक. ४९ सेकंदांत साडेदहाच्या दरानं ५१२ क्लॉक, म्हणजे १२८ एनओपी. एकशे अठ्ठावीस हा आकडा दिसला आणि ट्यूब पेटली.

झेड८०मध्ये डायनॅमिक रॅमला रिफ्रेश द्यायची, म्हणजे तिच्यातला डेटा पुसू नये म्हणून पुन्हा पुन्हा ताजा करायची, सोय आतच आहे. प्रत्येक हुकूम आणताना पहिल्या दोन क्लॉकला बसवर खरा पत्ता असतो, आणि पुढच्या दोनला, सीपीयू आत हुकूम उलगडत असताना, आर रजिस्टरमधला रिफ्रेशचा पत्ता. त्या काळच्या ४११६ रॅममध्ये १२८ ओळी होत्या, म्हणून आर मोजतो फक्त सात बिटांत. रीसेटनंतर दोन्ही मोजण्या शून्यापासून बरोबरीनं चालतात, त्यामुळे १२७पर्यंत एलईडींवर फरकच दिसत नाही. १२८ला खरा पत्ता ए-७ पेटवतो, आर मात्र परत शून्यावर येतो, आणि अर्धा वेळ ए-७ विझतो. बिघाड कसलाच नव्हता. माझ्या बोर्डवर रॅम ६२२५६ आहे, स्टॅटिक. तिला रिफ्रेश लागतच नाही, तरी हा गडी आपली ड्यूटी करतोय.

मंद क्लॉकवर हे एकदा तरी बघाच. १ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर लावला की ए-१५ सेकंदाला जेमतेम चार वेळा लुकलुकतो, तोही निम्म्या उजेडात, आणि आतली ही गंमत कळतच नाही.

ब्रेडबोर्डवरून सगळं झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या, डाग द्यायच्या बोर्डावर) नेलं आणि खऱ्या त्रासाला सुरुवात झाली. तीच एनओपी चाचणी, तोच क्लॉक, पण मोजणी मध्येच थांबायची. कधी पाच सेकंदांनी, कधी पाच मिनिटांनी. बोर्डाकडे हात नेला की थांबायची, हात काढला की कधीकधी पुढे चालू. प्रत्येक आयसीजवळ १०४चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर लावलेला होता. मीटर घेऊन बोर्डाच्या उलट्या बाजूनं सगळे पाय तपासले: वेट ५ व्होल्ट, इंट ५ व्होल्ट, रीसेट ५ व्होल्ट. सगळं बरोबर आणि मशीन बंद. दुसरी चिप घातली. तेच. सात-आठ रात्री यात गेल्या.

रविवारी सांगलीच्या गावभागात मामांकडे गेलो, बोर्ड पिशवीत घालून. मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद आहे. माझी निम्मी सामग्री त्यांच्याच खोक्यातली, हे चाळीस पायांचं सॉकेटही. बोर्ड उलटा धरून मोजून दाखवू लागलो तर म्हणाले, “आरं, तिकडनं काय मोजतोस? तिथं व्होल्टेज असणारच, वायर तूच जोडलीस की. आयसीच्या पायावर लाव.”

“मामा, एकच आहे की ते. सॉकेटमधनं जातंय.”

“जातंय का, तेच बघायचंय न्हवं?”

प्रोबचं टोक चिपच्या २४व्या पायाला, वेटला, टेकवलं. मोजणी जागच्या जागी थांबली. मीटरवर शून्याच्या जवळपास. उचललं, थोड्या वेळानं चालू. परत टेकवलं, परत बंद. पाय अधांतरी होता. खाली टाक्यावर ५ व्होल्ट येत होते, पण सॉकेटची पत्ती चिपच्या पायाला लागतच नव्हती. सीमॉसचा मोकळा पाय म्हणजे अँटेनाच. हात जवळ आला, घरातला ५० हर्ट्झचा हम आला, की त्याला वाटेल ते वाटतं. आणि मीटरचा १० मेगाओहमही त्याला खाली ओढायला पुरतो.

मामांनी सॉकेट उचकटून काढलं. टाचणी घातली आणि २४व्या भोकातून पिवळट, वाळलेली माती कागदावर पाडली. ऑगस्ट २०१९चा गाळ. धोक्याची पातळी ४५ फूट असताना आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा दुकान पाण्यात होतं. खोकं नंतर धुऊन वाळवलं होतं, पण पत्तीमागचं कोण बघतंय? मामा कागद जवळ घेऊन नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “बाकीची सॉकेटं पण आण. साफ करून देतो.”

मी नवीन, गोल पिनांचं सॉकेट लावलं. पन्नास रुपयांच्या आत आलं, आठ रात्रींपेक्षा स्वस्त. त्या दिवसापासून मोजणी एकदाही अडकलेली नाही.

रॉम त्यानंतर दोन संध्याकाळींत बसली. २८सी२५६, आणि आउटपुटला ३७४ लॅच. आयओरिक्वेस्ट आणि राइट हे दोन पाय ३२ नंबरच्या चिपमधल्या एका ऑर गेटला, गेटचं आउटपुट लॅचच्या क्लॉकला. पोर्ट डिकोडिंग काही नाही, कुठल्याही पोर्टला लिहा, इथेच येतं. प्रोग्रॅम आठ बाइटांचा, हातानंच लिहिला:

३ई ०१ डी३ ०० ०७ सी३ ०२ ००

ए मध्ये एक भर, बाहेर टाक, डावीकडे फिरव, परत बाहेर टाकायला जा. एका फेरीला २५ क्लॉक, त्यामुळे साडेदहा हर्ट्झवर एक दिवा पुढे सरकायला जवळपास अडीच सेकंद. ५५५चा कपॅसिटर ०.२२चा केला तेव्हा गणपतीतल्या माळेसारखा दिसू लागला. हेच आठ बाइट ८०८५वरही जसेच्या तसे चालतात, कुणाकडे कॉलेजचं किट पडून असेल तर टाकून बघा.

काल मामांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “छान. यावर टीव्ही लागतो का?”

पुढचं काम सीरियल पोर्टचं. ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल येऊन पडलाय. त्याला ६४नं भागलं की बरोबर १,१५,२०० बॉड (सीरियलचा वेग) मिळतो. अडलंय ते ६८बी५० या सीरियल पोर्टच्या चिपवर, दोन मागवल्या आणि दोन्ही घासलेल्या निघाल्या, ॲसिटोनला छाप पुसला गेला. कुणाकडे खात्रीची जादा असेल तर सांगा. न्यायला मी स्वतः येईन, येताना भडंग आणेन.